पाचवी फाइल

रजिस्टर्ड पाकीट मृणालिनीने सकाळच्या बॅचसमोरच फोडलं. आत वकिलाची नोटीस होती.

भाईंदर पश्चिमेला तिचा कॉम्प्युटर क्लास होता. १९९६च्या त्या जानेवारीत क्लासचा मराठी टायपिंगचा संच बरा खपत होता: एक फ्लॉपी आणि एक छापील माहितीपत्रक. फ्लॉपीतला प्रोग्राम मोरव्याच्या हरिश्चंद्र पाटलांनी लिहिलेला. नोटिशीत म्हटलं होतं, की प्रोग्राम फुकट वाटायला मोकळीक आहे, विकायला नाही. प्रत्येक प्रतीसोबत अटींची फाइल जायलाच हवी. ती तुम्ही काढून टाकलीत. सात दिवसांत विक्री थांबवा, नाहीतर फौजदारी तक्रार. नोटीस क्लासची मालक म्हणून तिच्याच नावे होती.

तिने संचातली फ्लॉपी मशीनमध्ये घातली. चार फाइली. अटी कुठेच नाहीत. तिने क्लासमधल्या मदतनीस मुलीला हाक मारली.

“सुरुची, कॉप्या तू काढतेस ना? एक फाइल कुठे गेली?”

“मॅडम, अभिनवसरांनी दिलेल्या फ्लॉपीवरून मी जशाच्या तशा काढते.”

“मग काय आपोआप गेली?” मृणालिनीचा आवाज चढला. “उद्यापासून येऊ नकोस.”

सगळी बॅच माना वळवून बघत होती. सुरुचीने पर्स उचलली आणि निघून गेली.

दुपारी अभिनव आला. मृणालिनीचा धाकटा भाऊ. दुकानदारांना संच तोच पोचवायचा. माहितीपत्रकही त्यानेच लिहून छापून घेतलं होतं.

“ही फ्लॉपी तुला मिळाली कुठून?”

“घोडबंदरच्या एका मित्राकडून. सगळ्यांकडे आहे, ताई.”

“त्यात अटींची फाइल होती?”

“छे! चारच फाइली होत्या. असलीच तर मित्राने उडवली असेल. आणि फुकटच्या वस्तूला कसल्या अटी?”

नोटिशीचं उत्तर टाइप करायला ती बसली आणि ‘अशा तऱ्हेने’पाशी अडली. ‘ऱ्ह’ काही केल्या उमटेना. शेवटी माहितीपत्रकाच्या तळाशी सापडलं: आर दोनदा दाबून लगेच एच. तरीही उत्तर काही जमेना. सरळ भेटलेलं बरं, म्हणून संच घेऊन ती मोरव्याला गेली.

हरिश्चंद्र पाटील नोकरी सांभाळून घरी प्रोग्राम लिहीत.

“बाई, फुकट देतो म्हंजी वाऱ्यावर सोडला न्हाय,” ते म्हणाले. “शालेतल्या पोरांसाठी केलाय तो.”

त्यांनी मूळ फ्लॉपी लावली. पाच फाइली. तिने त्या एकेक करून सगळ्या वाचल्या. पाचवीत अटी होत्या: फुकट वाटा, काही बदलू नका, विकायचा तर लेखी परवानगी घ्या. अगदी तळाशी एक सूचना: ‘ऱ्ह’साठी आर दोनदा, मग एच.

“ही सूचना मदतीच्या फाइलीत कशी नाही?”

“ती मागाहून बसवली. अटी कोन वाचतं का बघू, म्हनून हितंच लिवली. दुसरीकडं कुठंच न्हाय.”

मृणालिनीने संचातलं माहितीपत्रक काढून तळाची ओळ पुन्हा वाचली.

संध्याकाळी रिकाम्या क्लासमध्ये तिने भावाला समोर बसवलं.

“अभि, ‘ऱ्ह’ कसा काढायचा हे तुला कुणी सांगितलं?”

“प्रोग्रामच्या मदतीत होतं.”

“नाही. मी पाचही फाइली वाचून आलेय. ती ओळ फक्त अटींच्या शेवटी आहे, आणि तीच तुझ्या पत्रकात आहे. मित्राने फाइल उडवली असती, तर तुला ती कळलीच नसती. तू अटी शेवटपर्यंत वाचल्यास आणि मग पुसल्यास. सुरुचीच्या हाती आली ती चार फाइलींचीच फ्लॉपी.”

अभिनव टेबलाच्या कडेवर नख घासू लागला.

“अटी राहिल्या असत्या, तर पहिल्याच गिऱ्हाइकाला कळलं असतं, हे फुकट मिळतं म्हणून. क्लास बंद पडायला आला होता, ताई. तूच म्हणालीस, काहीतरी कर.”

ती म्हणाली होती. दसऱ्याला त्याने पहिला संच पुढ्यात ठेवला, तेव्हा ‘हे विकायला चालतं ना?’ एवढंही तिने विचारलं नव्हतं. सुचलं नव्हतं असं नाही. उत्तर नको होतं.

विक्री थांबली. दोघांनी सह्या करून लेखी कबुली दिली, प्रत्येक गिऱ्हाइकाला पैसे आणि पाच फाइलींची फ्लॉपी पोचवली, तेव्हा पाटलांनी तक्रार केली नाही.

मृणालिनी सुरुचीच्या घरी गेली. “चुकले मी. परत ये.”

सुरुची दारातच उभी राहिली. “मॅडम, काढलंत सगळ्या बॅचसमोर. माफी मात्र जिन्यात मागताय.”

दुसऱ्या सकाळी फळ्यापाशी उभं राहून मृणालिनीने बॅचला सगळं सांगितलं. फाइल कोणी पुसली, दोष कोणाला दिला, आणि कोणी मुद्दाम विचारलं नाही.

ते सुरुचीपर्यंत पोचलं असणार. ती परत आली नाही.