नानासाहेबांच्या नावावरचं रक्त

"मला माणूस बघायची गरजच पडत नाही. रक्ताचा साधा रिपोर्ट द्या, पेशंट कसा आहे ते चहा संपायच्या आत सांगते."

हे मी, ऋचा, सोमवारी सकाळी साडेदहाला थेरगावातल्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये तीन नर्सना ऐकवलं. बाराच्या सुमारास त्याच तिघी मला शोधत होत्या आणि मी लाजेने लिनन रूममध्ये, चादरींच्या ढिगामागे लपले होते.

झालं असं. मेंदूत लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर होतो. आमच्या डॉक्टर मृदुला मॅडमचा त्यावर अभ्यास चालू आहे. उपचाराआधी सगळ्यांचंच जे नेहमीचं रक्त तपासतात — पेशी, प्रथिनं, किडनी — त्या साध्या आकड्यांवरून पुढे कोणाला जास्त जपावं लागेल याचा अंदाज येतो का, हे त्या बघतात. मी त्यांची आकडेवाली. माझ्या लॅपटॉपमधल्या तक्त्यात एकशे बारा पेशंट होते, आणि त्यातल्या एकालाही मी भेटलेले नव्हते.

सोमवारी एकशे तेरावा आला. नानासाहेब, वय अडुसष्ट, थेरगाव गावठाण. लॅबवाल्याने रविवारी घरी जाऊन रक्त आणलं होतं, आणि रिपोर्ट... काय सांगू. हिमोग्लोबिन सोळा. पेशी कशा, लग्नाच्या पंगतीला बसल्यासारख्या भरघोस. किडन्या तर शोरूममधून आत्ताच काढलेल्या. इतका देखणा रिपोर्ट मी आजवर पाहिला नव्हता. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा उगाच वाचला.

म्हटलं, या माणसाला बघायलाच हवं.

सात नंबरच्या खोलीत कॉटवर एक म्हातारे गृहस्थ होते. चादर कुठे संपते आणि ते कुठे सुरू होतात हे फक्त मिशांमुळे कळत होतं. उशाशी त्यांची बायको, गोजाबाई, मोसंबी सोलत होत्या. आणि खुर्चीत एक तिशीच्या आतला पुतण्या दोन वडापाव एकदम खात होता. बाही कोपराच्या वर दुमडलेली. रुंद मनगट. आणि कोपराच्या खळीत... एक गोल चिकटपट्टी.

मी पट्टीकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने हळूच बाही खाली ओढली.

"जरा बाहेर येता?" मी म्हटलं.

तो वडापावासकट बाहेर आला. नाव कुलदीप.

"रक्त कोणाचं आहे?"

"घरचंच आहे मॅडम."

"कोणाचं?"

"नानांची सगळी कामं मीच करतो. तलाठी ऑफिस, बँक, लाइट बिल, रेशन... त्यांच्या जागी रांगेत मीच. लॅबवाला आला, नाना म्हणाले कुलदीप तू बस. बसलो. त्याने नाव विचारलं, काकीने नानांचं सांगितलं."

"आणि त्याने वय नाही बघितलं?"

"काकीने त्याला थालीपीठ दिलं होतं."

मला हसू येत होतं, ते मी रागाने दाबलं. "तुम्ही काय काम करता?"

"चाकणला कंपनीत आहे. क्वालिटीमध्ये."

"तिथे दुसऱ्याच लॉटचं सॅम्पल पाठवलं तर?"

"लाइन बंद पडते."

"इथे माणूस बंद पडेल. उद्या सकाळी नानांना केमो आहे. औषध कडक असतं, डोस किडनीच्या आकड्यावर ठरतो. मॅडमनी तो तुमच्या किडनीवर ठरवलाय."

त्याने वडापाव कागदात गुंडाळला. चेहरा एकदम उतरला. "मला वाटलं नुसता फॉर्म भरायचा असेल," तो पुटपुटला. "चला. आत्ता काढा नानांचं."

नाना ऐकेनात. सुईची भीती नव्हती. हिशोब निराळा होता.

"आत काय घालायचं ते घाला," ते म्हणाले. "पण भाईर काढायचं न्हाई. आठ दिस झालं, नुसतं काढत्यात. माघारी आणून द्यायचं नाव न्हाई कुणाचं."

"काका, चमचाभर लागतं फक्त."

"चमचाभर हाय ना? मग तू दे आधी. बघू दे मला."

"व्हय," गोजाबाई म्हणाल्या. "पोरगी देती का बघू."

आता खरं सांगते. एकशे बारा जणांचं रक्त मी कोळून प्यायले होते, पण स्वतःचं कधी काढू दिलेलं नव्हतं. तरी कोट घातलेला होता, आणि पुतण्या बघत होता. मी हात पुढे केला. नर्स भाग्यश्री सकाळी कॅन्टीनमध्ये होतीच. तिने फार आनंदाने पट्टा आवळला.

नळीत लाल रेघ आली. खोली थोडी डावीकडे कलली.

डोळे उघडले तेव्हा माझं डोकं कुलदीपच्या हातावर होतं — चिकटपट्टीवाल्या. आणि नाना कॉटवर उठून बसून हसत होते. आठ दिवसांत पहिल्यांदा, असं गोजाबाई नंतर म्हणाल्या.

"ही माझ्यापरास ढिली हाय," नाना म्हणाले. "घ्या. माझं घ्या. हिचं ऱ्हाऊ द्या."

"मोसंबी खाणार?" कुलदीपने माझ्या कानाशी विचारलं.

"सोडा मला."

"सोडतो. तुम्ही कॉलर धरलीय माझी."

खरंच धरली होती.

संध्याकाळी खरा रिपोर्ट आला. देखणा नव्हता. किडनी दमलेली, प्रथिनं कमी, पेशी तुरळक. मॅडमनी गप्पपणे जुना डोस खोडला, नवा लिहिला, निम्म्याच्या जवळपास. मग त्या लॅबवाल्याला शोधायला निघाल्या.

कुलदीप जिन्यात उभा होता. "तुमच्या त्या तक्त्यात नाना कुठे बसतात?"

खोटं बोलावंसं वाटलं. "खालच्या गटात."

"म्हणजे?"

"म्हणजे डोस जपून, लक्ष जास्त. आकडे गटाचं सांगतात, एका माणसाचं नाही. या गटात तेवीस जण होते. त्यातले नऊ अजून चेकअपला येतात."

"आणि बाकीचे..."

मी कठड्याकडे बघत राहिले.

"नऊ," शेवटी तो म्हणाला. "नाना स्वतः रांगेत लागले, की पुढेच घुसतात."

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी नाना दाखल व्हायचे आणि कुलदीप चाकणहून पहिली शिफ्ट संपवून थेट यायचा. अंगाला मशीन ऑइलचा वास, हातात माझ्यासाठी काहीतरी — कधी हुरडा, कधी बोरं, एकदा कंपनीच्या कॅन्टीनचं श्रीखंड, जे पिशवीत सांडलं आणि माझ्या तीन फाइलींना लागलं. नानांनी दर वेळी रक्त दिलं. अट एकच, मी समोर उभं राहून बघायचं आणि पडायचं नाही. मी दोनदा पडले. दोन्ही वेळा तो योग्य जागी उभा होता. तिसऱ्यांदा मी पडले नाही, तर त्याचा चेहरा पडला.

चार महिन्यांनी नानांचा एमआरआय झाला. मॅडमनी फिल्म उजेडावर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि म्हणाल्या, गाठ दिसत नाही. तपासण्या चालू ठेवायच्या, पण आत्ता गाठ नाही. नानांनी विचारलं, मग आता जिना चढू का. आणि उत्तराची वाट न बघता चढायला लागले.

मी आणि कुलदीप खालीच राहिलो.

"माझा तो रिपोर्ट..." त्याने चपलेकडे बघत विचारलं, "आहे का अजून?"

"काढून टाकला. चुकीचं सॅम्पल."

"अच्छा."

"लॅपटॉपमधून," मी म्हटलं. "कागद... पर्समध्ये आहे."

तो हसला. असा, की जिन्यातल्या दोन पेशंटनी वळून बघितलं. "क्वालिटी पास आहे का मग?"

"हिमोग्लोबिन तरी आहे. बाकी बघावं लागेल... वेळ लागेल."

"किती?"

"जन्मभर लागेल बहुतेक."

पुढच्या रविवारी मंडळी आकुर्डीला आमच्या घरी बोलणी करायला आली. नाना आता कोणाचा हात धरायला तयार नव्हते. कुलदीप गाडी लावेपर्यंत आणि गोजाबाई पेढ्यांची पिशवी शोधेपर्यंत ते एकटेच लिफ्टने वर गेले. आम्ही ए विंगमध्ये राहतो. वीस मिनिटांनी ते बी विंगच्या चौथ्या मजल्यावर सापडले. त्यांचे पोहे खाऊन झाले होते, आणि मी आत तयार होतेय असं समजून, मुलगी न बघताच, त्या घरच्यांना त्यांनी पसंती कळवली होती.