अलेथेइया

ढुंढिराज गायधनींकडे मी जायला लागले ती पुस्तकं वाचून दाखवायला. पंच्याण्णव सालचा उन्हाळा होता. एम. ए. होऊन मी घरीच बसले होते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांनी माझं नाव सुचवलं. दुपारी जायचं, ते म्हणतील ते पुस्तक वाचायचं, एवढंच काम.

बंगला गंगापूर रोडला, आनंदवल्लीच्या पुढे. तेव्हा तिकडे वस्ती नव्हती. बसमधून उतरलं की द्राक्षबागांच्या कडेनं पायवाट, आणि बागा संपल्या की एकदम तो बंगला समोर यायचा. मागे उतार, खाली गंगा. गोदावरीला आम्ही नाशिकचे लोक गंगाच म्हणतो.

पहिल्याच दिवशी गायधनी सरांनी एक अट घातली.

"घरात पाणी आणायचं नाही. तहान लागली तर ओट्यावर माठ आहे. तिथंच प्यायचं, भांडं तिथंच पालथं घालायचं."

"का हो सर?"

"पुस्तकांना ओल सोसत नाही."

मला ते पटलं. भिंतभर पुस्तकं होती, बरीचशी ग्रीक. घराणं रामकुंडावरच्या उपाध्यायांचं, पण सर तरुणपणी इंग्लंडला जाऊन ग्रीक शिकून आले होते. माणूस मऊ बोलायचा. मी एखादा उच्चार चुकले तर रागवायचे नाहीत, फक्त तो शब्द हळूच पुन्हा म्हणायचे.

स्वयंपाकाच्या शकुबाई पेठ तालुक्याकडच्या. मागच्या पडवीत चूल मांडून त्या रांधायच्या आणि मी पोचायच्या आत निघायच्या. एकदा फाटकात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "दुपारचं म्या नाय थांबत बाई. आत लय कोरडं वाटतं."

ते कोरडं म्हणजे काय, ते मला आठवडाभरात कळलं.

दुपार चढली की घर गप्प व्हायचं. पंखासुद्धा लांबून फिरतोय असं वाटायचं. मग आतल्या खोलीत भांडी वाजायची. एखादं फुलपात्र उचललं जायचं, ठेवलं जायचं. मग दुसरं. मग तिसरं. कुणीतरी एकेक भांडं उचलून आत काही आहे का ते बघतंय, तसं. त्यानंतर आवंढा गिळल्याचा आवाज यायचा. घशात काहीच नसताना गिळलेला, खरखरीत. आणि थेंबभर पाणी नसलेल्या त्या घरात शेवाळाचा वास दाटून यायचा.

"सर, आत कुणी आहे?"

"उंदीर असतील. वाचा तुम्ही."

आतल्या खोलीच्या दारावर एक पितळी पट्टी ठोकलेली होती. त्यावर परकी अक्षरं. एके दिवशी मी धीर करून विचारलं, काय लिहिलंय? सरांचा चेहरा उजळला.

"अलेथेइया. ग्रीकांचा शब्द. अर्थ, सत्य. पण फोड करून बघा. 'लेथे' म्हणजे विसर. त्याच्याही मुळाशी लपून राहणं, नजरेतून निसटणं आहे. आणि आधीचा 'अ' आपलाच. अमर, अज्ञान, तसा अ-लेथे. जे विसरलं जात नाही, ते सत्य."

"सुंदर आहे."

"लेथे नावाची त्यांची नदीही आहे. मेलेला माणूस तिथं तहानेनं व्याकूळ होऊन पोचतो, पाणी पितो आणि सगळं विसरतो. घर, नवरा, स्वतःचं नाव." त्यांनी पट्टीकडे बोट केलं. "ग्रीकांकडे आकडे वेगळे नव्हते, अक्षरंच आकडे. आल्फा एक, लांब्डा तीस, एटा आठ, थेटा नऊ, एप्सिलोन पाच, इओटा दहा, पुन्हा आल्फा एक. बेरीज करा."

"चौसष्ट."

"आठ आठे चौसष्ट. चार गुणिले चार गुणिले चार, तेही चौसष्ट. वर्गही तोच, घनही तोच. सगळ्या बाजूंनी बंद पेटी. लेथेची बेरीज पंचावन्न. ती कशीही मांडा, चौकोनात बसत नाही, कुठूनतरी गळतेच." त्यांनी दाराकडे बघितलं. "पट्टी तांबट आळीतून करून घेतली. सुला गेली त्या दिवशी ठोकली."

सुलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या वारल्याला बरीच वर्षं झाली होती.

"शेवटी पाणी मागत होती," सर म्हणाले. "आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या लोकांच्या मेलेल्यांना पाणी दिलं. तिच्या तोंडात मी गंगा घातली नाही. नंतर तिलांजलीही दिली नाही. प्यायली असती तर मला विसरली असती."

आतून तो आवंढा ऐकू आला. आम्ही दोघांनीही ऐकला. सर हसले… सुखानं.

मी तिथं पुन्हा जायला नको होतं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कुणीतरी तहानेलं आहे आणि आपल्याला ते माहीत आहे, ही गोष्ट घशात अडकून राहते.

दुसऱ्या दिवशी ऊन भयंकर होतं. वाचता वाचता सरांना खुर्चीतच डोळा लागला. मी पुस्तक मिटलं. आत भांडी वाजली. एक, दुसरं, तिसरं. मग आतलं दार बोटभर उघडलं.

फटीत अंधार होता. अंधारात चौकटीला धरलेली चार बोटं. कातडी वाळून नखांपासून सुटलेली.

"बाई…" आवाज कागद चुरगळल्यासारखा. "थोडं पाणी…"

तहानलेल्याला नाही म्हणायला आमच्या घरी कुणी शिकवलं नव्हतं. मी ओट्यावर गेले, माठातून फुलपात्र भरलं, आत आणलं आणि उंबऱ्यावर ठेवून पाठ फिरवली.

गटगट आवाज आला. मध्ये धाप, पुन्हा गटगट. मग एक लांब सुस्कारा… आणि शेवाळाचा वास विरून गेला. मी वळले तेव्हा फुलपात्र अर्धं होतं. मी ते उचललं.

सर जागे झाले होते. खुर्चीचे हात धरून अर्धवट उठलेले.

"सुला?"

फटीतून उत्तर आलं. आता आवाज ओला होता, स्वच्छ, तरुण. परक्या माणसाशी बोलावं तितका अदबीचा.

"आपण कोण?"

"सुला, मी… मी आहे…"

"माफ करा हं. ओळखलं नाही."

दार आपोआप लोटलं गेलं. सर खाली बसले. लहान मुलासारखे तोंड उघडून रडत होते, पण आवाज फुटत नव्हता. भीतीनं घसा सुकून जीभ टाळूला चिकटली होती. हातात फुलपात्र होतं. मी ते तोंडाला लावलं.

"नको!" सर ओरडले. "तिचं उष्टं आहे ते…"

तोवर मी प्यायले होते. गार, गोड पाणी. दुसरं काहीच वाटलं नाही.

मी पळतच रस्त्यावर आले. बस मिळाली. माझं नाव आठवत होतं, घरचा पत्ता आठवत होता, चौसष्टची बेरीजसुद्धा आठवत होती. मनाशी हसले आणि घराची बेल दाबली.

दार एका मुलीनं उघडलं. सतरा-अठरा वर्षांची असेल. ओले केस, माझा निळा ड्रेस घातलेला.

"ताई, किती घामेजलीस गं! दे ती पर्स."

मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. "आई, ही कोण?"

आई आधी हसली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिच्या हातातली परात खाली गेली.

ती तृप्ती. माझी सख्खी बहीण. आल्बममधल्या प्रत्येक फोटोत ती माझ्या शेजारी आहे. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. ती आमच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची, मी पाठ करायचे. तिच्या लग्नात मी मोठी बहीण म्हणून सगळं केलं, आणि तिच्या पाठवणीला रडलेसुद्धा. एका गोड, अनोळखी मुलीसाठी रडावं तशी. सर पंच्याण्णवच्याच पावसाळ्यात गेले. त्यांना पाणी कुणी दिलं, माहीत नाही.

तृप्तीची मला सवय झाली. ती समोर होती म्हणून निदान कळलं तरी, की ती माझ्या आठवणीतून गेली. पण जे समोर आलंच नाही, असं आणखी काय काय गेलं असेल?

दोन हजार चार साली भुसावळला निघाले होते. मनमाडला गाडी थांबली. फलाटावर एक माणूस उभा होता, माझ्याच वयाचा. मला बघितलं आणि त्याच्या हातातली बॅग गळून पडली. तो खिडकीपाशी आला. गजांवर हात ठेवले. डोळे भरलेले. त्याला मी कधीच पाहिलं नव्हतं.

"उतू…" तो म्हणाला.

माझं नाव उत्तरा. उतू मला घरी, दारी, कुणीच म्हणत नाही.

गाडी हलली. आणि माझ्या तोंडून, माझ्या नकळत, सवयीनं यावा तसा आवाज आला,

"ओ…"