डॉर्कसच्या बेताचा झगा

गेल्या नोव्हेंबरातली ही गोष्ट. हॅरियटच्या नव्या लोकरी झग्याचा डावा खांदा सारखा करून घ्यावा, एवढ्याच कामासाठी मी तिला घेऊन शिंपीण थर्ल्बीबाईंकडे निघाले होते. राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या पताका चौकात अजून भिजत लोंबत होत्या. दलदलीवरचे धुके भरदुपारीच गल्ल्यांत उतरले होते.

हॅरियट माझ्या दिवंगत भावाची मुलगी. जन्मतःच आईला पारखी झालेली. आता नऊ वर्षांची, माझ्या पदरी. झगा अंगावर चढल्यापासून तिचा डावा खांदा हळूहळू वर येत चालला होता.

"आत्या, मी ताठच चालतेय गं!"

"ताठ? एका हातात भरली बादली घेऊन निघाल्यासारखी दिसतेस."

"मग तू धर ना बादली," ती फणकारली, आणि दोघीही हसलो.

आमच्या गावी शिंपिणी प्रत्येक मुलीच्या झग्याचा बेत, म्हणजे तिच्या मापाचा नमुना, कागदावर कापून भिंतीवर टांगतात. दर वाढदिवशी त्याला बाहेरून कागदाची पट्टी डकवून तो वाढवतात. मुलगी वाढते तसा कागद वाढतो. ती दगावलीच, तर कागद घडी करून शवपेटीत तिच्या उशाशी ठेवतात. मागे राहिलेले माप अंग शोधत फिरते, असे म्हाताऱ्या सांगतात. गावोगावचे असले आचार मी वर्षानुवर्षे गोळा करत आले आहे. माणसाची सावली, कापलेले केस, चिखलात उमटलेले पाऊल यांना लोक त्या माणसाचाच अंश मानतात. त्याच समजुतींच्या ओळीत मी हीही बसवली होती. वर्गीकरणाने मनाला एक प्रकारची सुरक्षितता लाभते.

थर्ल्बीबाईंच्या खोलीत ओल्या लोकरीचा आणि तापल्या इस्त्रीचा वास कोंदला होता. त्यांनी हॅरियटला स्टुलावर उभे केले आणि ओठांत टाचण्या धरून तिच्याभोवती एक फेरी मारली.

"खांदा चुकलाय, थर्ल्बीबाई."

"खांदा बरोबर आहे, बाईसाहेब. पोर आत्ता कुठे त्यात भरत चाललीय."

"पण माप कधी घेतलंत तुम्ही हिचं? मला तर आठवत नाही."

"घ्यावं नाही लागलं. तयार होतं माझ्याकडे."

कापायच्या टेबलावर पाठीच्या भागाचा कागद पसरलेला होता. मधला तुकडा जुना, पिवळा पडलेला, सहा वर्षांच्या मुलीचा. त्याला बाहेरून डकवलेल्या पट्ट्या एकीहून एक पांढऱ्या होत्या. डावा खांदा उजव्यापेक्षा वर कापलेला. मुंढ्याजवळ, बाही जोडायच्या खाचेपाशी, नाव होते: डॉर्कस.

थर्ल्बीबाईंची मुलगी डॉर्कस साऱ्या गावाला ठाऊक होती. डावा खांदा उचलून चालणारी, मोठ्याने हसणारी पोर. घशाच्या रोगाने ती सहाव्या वर्षीच गेली, त्याला तीन हिवाळे लोटले होते.

"कागद उशाशी ठेवला नाहीत?" मी विचारले.

"ठेवला असता, तर वाढायची थांबली असती ना ती…"

त्यांनी हे अगदी सरळपणे सांगितले. तेवढ्यात स्टुलावरून हॅरियट हळूच म्हणाली,

"आई… टाचणी टोचतेय."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. 'आई' हा शब्द त्या मुलीने आयुष्यात कोणालाही उद्देशून उच्चारलेला नव्हता.

मी तो झगा तिच्या अंगावरून अक्षरशः ओरबाडून काढला आणि तिला माझ्या शालीत गुंडाळले.

"तो कागद जाळा. आत्ताच्या आत्ता. माझी पोर आहे ही, थर्ल्बीबाई!"

त्या रडतील, पाया पडतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी कागद शांतपणे उचलून शेगडीत घातला, झगाही त्यावर टाकला, आणि ज्वाळा विझेपर्यंत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. मग शालीवरून हॅरियटच्या पाठीवर अगदी हलका हात फिरवला. "आता त्याचं काय काम होतं तसंही…"

पुढच्या शनिवारी चुलीपुढे टब मांडून मी हॅरियटला न्हाऊ घातले. तिचे दोन्ही खांदे एका रेषेत आले होते. त्या क्षणी मला जो हलकेपणा वाटला, तो मी लपवणार नाही. मग मी तिच्या पाठीवरचे ओले केस बाजूला केले.

मानेपासून दोन्ही बाजूंना, खांद्यावरून काखेकडे बारीक, तांबूस ठिपक्यांची एकेक रांग गेली होती. बेत कापडावर उतरवताना शिंपिणीचे दातेरी चाक उमटवते तशी. अंतर सगळीकडे सारखे. उजवीकडची रांग खांद्याच्या कडेवरून नेमकी जात होती. डावीकडची मात्र बोटभर वर, मानेच्या कातडीवर होती. खांदा उचलला असता तर जिथे पोचला असता, तिथे.

"दुखतं का गं इथे?"

"कुठे?"

साबणाने ते ठिपके जात नाहीत. वैद्याला ते दिसत नाहीत. या प्रकाराचे दुसरे उदाहरण माझ्या संग्रहात नाही, आणि ते शोधण्याचे धैर्यही मला आता उरलेले नाही. हॅरियट खाते, खेळते, मला 'आत्या'च म्हणते. ती झोपली की मी तिचा डावा खांदा आणि ती वरची रांग यांच्यामध्ये बोट ठेवून पाहते. हिवाळाभर ते तिथे बरोबर बसत होते.

काल बसले नाही.