दोनदा वाचलेली चिठ्ठी

माझ्या उरल्यासुरल्या सहा दातांची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! ज्याला खोटं वाटेल त्यानं आमच्या नातीला विचारावं. ती लाजून लाल झाली की समजायचं, म्हातारी खरं बोलतेय.

तर एका सोमवारी सकाळी नात ऑफिसात गेली आणि बघते तर काय, तिच्या खुर्चीत एक उंचच उंच चष्मेवाला! खुर्ची खालीवर करत, आपले गुडघे कुठे ठेवावेत याची सोय बघत होता.

"ही माझी जागा आहे," ती म्हणाली.

"पण... माझ्या कार्डावर चौदा लिहिलंय."

"ती खिडकीकडची चौदा. ही भिंतीकडची."

तो ताडकन उठला आणि त्यानं वरच्या फळीवर डोकं आपटून घेतलं. "म्हणजे बसायच्या आधी पत्ता तपासायला हवा होता."

"त्याचाच पगार घेते मी," ती म्हणाली. चेहरा गंभीर... पण ओठाचा एक कोपरा फितूर झाला.

आणि खरंच, तिचं काम तेच. मला तिनं तीनदा समजावलं, शेवटी माझ्या गोळ्यांचे डबे मांडून. एक भलामोठा कॉम्प्युटर असतो. त्याच्या पोटात शेकडो लुटुपुटीचे कॉम्प्युटर नांदतात, एका इमारतीतल्या बिऱ्हाडांसारखे. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटतं, अख्खी इमारत आपलीच! शेजारी कुणी राहतं याचा गंध नाही. मी तर गालावर हात ठेवून बसले बाई. त्यांना सामान आणून द्यायला यंत्र असतं, तेही लुटुपुटीचं. ते चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो म्हणजे हमाल समजा. बिऱ्हाडकरू सामायिक कट्ट्यावर चिठ्ठी ठेवतो, 'अमुक पत्त्यापासून इतक्या लांबीचं सामान ठेव.' हमालानं आधी बघायचं, एवढं सामान त्याच्याच खोलीत मावतं ना? नाहीतर भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या पेटीत हात जायचा. आणि त्या पेटीत कुणाचे रक्ताचे रिपोर्ट, कुणाची पत्रं.

हा हमाल लिहायचा त्या चष्मेवाल्या लंबूनं, आणि तो नीट तपासतो की नाही हे तपासायचं आमच्या नातीनं. सगळे तिला नाकेदारीण म्हणायचे. चार वर्षांत तिच्या हातून एक चूक सुटली नव्हती.

लंबूचा कोड आला की ती कडेला शेरे मारायची. 'लांबी शून्य आली तर?'

खाली त्याचं उत्तर, 'तर काही करायचं नाही. रविवारसारखं.'

'इथं नाव नीट द्या. टेम्प म्हणजे काय?'

'तात्पुरता. माझ्यासारखा. सहा महिन्यांच्या बोलीवर आलोय.'

हे वाचून ती एकटीच हसली आणि मग उगाच खोकली.

मग एके दिवशी ती ओळ आली. स्कूटरचा जुना मीटर बघितलाय ना? नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर शून्यावर येतो. तसाच कॉम्प्युटरचा आकडाही उलटतो. एखादा लबाड बिऱ्हाडकरू पत्ता आणि लांबी इतकी मोठी देतो की बेरीज फिरून इवलीशी होते, आणि इवलीशी म्हणून दारातून सुटते. भलेभले तिथं फसतात. लंबूनं बेरीज केलीच नव्हती! आधी खोलीत जागा किती उरली ते वजा करून काढलं, मग लांबीशी ताडलं. एका ओळीत. ना डोलारा, ना आरडाओरडा.

देवळात शिरताना आपण नकळत चप्पल काढतो ना... तसा नातीनं माउसवरून हात काढला. हा माणूस असा विचार करतो? इतका शांत? तिनं 'पास' लिहिलं आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

तीन आठवड्यांनी, दुपारच्या सुट्टीत, ती ओळ तिनं पुन्हा उघडली. काम काही नव्हतं. आपण पुस्तकात जपलेला फोटो काढून बघतो, तसंच. आणि नजर घसरून खालच्या ओळीवर गेली.

हातातला डबा तिनं बाजूला सारला.

चिठ्ठी तपासून झाल्यावर, सामान ठेवताना हमाल तीच चिठ्ठी कट्ट्यावरून पुन्हा वाचत होता! मधल्या क्षणात बिऱ्हाडकरूनं दहाचे दहा हजार केले तर? चिठ्ठी एकदाच उतरवून घ्यायची, आणि तपासायची ती आपल्या हातातली. हे तर ती नव्या पोरांना शिकवायची!

ती तडक लंबूकडे गेली. त्यानं बघितलं आणि तो पांढराफटक पडला. "मी गुपचूप दुरुस्त करतो. तुमचं नाव यायचं नाही."

"आणि कोड आधीच ज्या मशीनवर गेलाय, तिथलं काय? सांगावंच लागेल."

"मग मी सांगतो. चूक माझी."

"लिहिली तुम्ही. सोडली मी."

त्या ऑफिसात रीतच होती. सुटलेली चूक सापडली की पास करणाऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, का सुटली. खरं कारण. 'नजरचूक' चालत नसे. खरं सांगावं तर चार वर्षांची अब्रू जाणार, मनातलं उघडं पडणार. आणि लंबूची बोली संपायला चारच दिवस.

चार वाजता वीस माणसं जमली, समोर त्यांच्या मोठ्या मॅडम. चूक आपण लिहिली, हे लंबूनं आधीच उठून सांगितलं; मग नात उभी राहिली.

"खालची ओळ मी वाचलीच नाही, मॅडम. वरच्या ओळीवरून नजर हलली नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे... ती ओळ मी अकरा वेळा वाचली. कामासाठी एकदा."

"आणि बाकीच्या दहा वेळा?"

"आवडली म्हणून."

"ओळ?"

नातीनं समोर बघितलं. लंबूचे कान लालबुंद झाले होते.

"...ओळसुद्धा," ती म्हणाली.

मॅडमनी शांतपणे वहीत लिहून घेतलं. "कारण नोंदवलं. ज्या ज्या मशीनवर गेलंय तिथं आजच दुरुस्ती. आपली चूक स्वतःहून सांगणारी माणसं मला हवीत, म्हणून तुम्ही राहा, मिस्टर. पण आजपासून या दोघांनी एकमेकांचं काम तपासायचं नाही. कळलं?"

जिन्यात लंबूनं तिला गाठलं.

"अकरा वेळा?"

"हं."

"पुन्हा एकदा सांग ना, मघाशी काय म्हणालीस ते."

"दोनदा वाचायचं नसतं," ती म्हणाली. "आताच सभा झाली त्यावर."

"मग मीही एकदाच सांगतो. नीट उतरवून घे..." आणि तो जे काही म्हणाला ते नात आजतागायत मला सांगत नाही. नुसती भिंतीकडे बघते. मग त्यानं तिचा हात धरला, आणि वरून चहाचे कप घेऊन उतरणारी माणसं पाय न वाजवता परत वर गेली.

आता शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकते. यातली एक गोष्ट माझ्या पदरची आहे. हात त्यानं नाही धरला. हिनंच धरला. उद्या तिच्या सासूबाई हे वाचणार, म्हणून आपलं मी थोडं सावरून घेतलं.