चुकून नाही

"समोर काय दिसतंय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"अक्षरं."

"सगळ्यात खालची ओळ वाचता येतेय?"

तिने ती घडाघडा वाचून दाखवली.

"कमाल आहे," तो म्हणाला. "एवढं बारीक दिसतं, मग अख्खा थांबा कसा दिसत नाही तुम्हाला?"

ती होती शहरातल्या नव्या लाइट रेलची, म्हणजे ट्रामसारख्या छोट्या रेल्वेची, ड्रायव्हर. कामाच्या नियमाप्रमाणे डोळे तपासून घ्यायचे होते, आणि पावसाची सर आली म्हणून समोर दिसेल त्या दुकानात ती शिरली होती. आता तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. उतारावरच्या छोट्या थांब्यावर रोज सकाळी हात वर करून उभा राहतो, आणि गाडी गेली की हात तसाच डोक्यावरून फिरवून केस सारखे केल्याचं सोंग करतो... तो हाच.

"थांबा दिसतो. तुम्हीही दिसता," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

आता तिची बाजूही ऐकायला हवी. लाइट रेल सुरू झाली तेव्हा सगळं शहर त्या गाडीला हसलं होतं. डबे हवा खायला निघतात, असं लोक म्हणत. मग थोडे लोक बसू लागले, त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजाऱ्यांनी पाहुण्यांना, आणि बघता बघता पाय ठेवायला जागा उरेना. नवे डबे यायला अवकाश होता. तेव्हा कंट्रोल रूममधून हुकूम निघाला, की गाडी भरली असेल तर उतारावरचा थांबा सोडायचा. गाडी तर रोजच भरायची. तिने हे सगळं त्याला समजावून सांगितलं.

"गाडी नाही भरत," चष्मेवाला शांतपणे म्हणाला. "दार भरतं."

ती तणतणत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने आरशात मागे बघितलं. उतरायला मिळणार नाही या धास्तीने सगळे दाराशी चिकटलेले, आणि डब्याच्या मध्यभागी अंग पसरून बसावं एवढी ऐसपैस जागा. तिला त्याचा फार राग आला, कारण त्याचं खरं होतं.

त्यानंतर तो रोज चढ चढून आधीच्या थांब्यावर येऊ लागला, तिच्याच गाडीत बसायला. बसायला कसलं, लोकांना हलवायला. एका आजींना त्याने सांगितलं की तुम्ही शेवटी उतरता, तर आत या, मी तुम्हाला दारापर्यंत सोडीन. दाराला टेकलेल्या पहिलवानाला विचारलं, दादा, हे दार तुम्ही धरून ठेवलंय की त्याने तुम्हाला? लोक हसत हसत आत सरकायचे. काचेपलीकडून ते हसू तिच्या कानावर यायचं, आणि आरशात एकदा तरी नजरेला नजर भिडायची. मग पुढचा सिग्नल तिला जरा जास्तच हिरवा वाटायचा.

एका भिजलेल्या सकाळी ती उतारावर थांबली. दारं उघडली. कुडकुडणारी माणसं आत आली, मावली. रेडिओवर खरखर झाली, का थांबलात म्हणून विचारणा झाली. जागा होती, एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशीही थांबली, आणि तिसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावणं आलं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि वाटही काढून दिली. "चुकून थांबले, असं म्हणा. विषय मिटला. नाहीतर मला तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल." उद्या सकाळी उत्तर द्या, असं त्यांनी सांगितलं.

घरी बाबा, जन्मभर बस चालवलेले, हताश होऊन म्हणाले की एक शब्द तर आहे, बोलून टाक, एवढा ताठा कुणावर गेलाय कळत नाही. आई नुसती बाबांकडे बघून हसली.

सकाळी ऑफिसला निघालेली ती मुद्दाम उतारावरच्या थांब्यावर आली. आदल्या दिवशी ती गाडीवर दिसली नव्हती, म्हणून आज तोही चढ न चढता तिथेच उभा होता. सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला. त्याने छत्री तिच्यावर धरली, स्वतः अर्धा भिजत.

"म्हणा ना चुकून," तो म्हणाला. "माझ्यापायी तुमची गाडी जायला नको."

तिच्या अंगाचा भडका उडाला.

"तुझ्यापायी? तुझ्यासाठी नाही थांबले मी. माणसं भिजत होती, आत जागा होती, म्हणून थांबले. तू नसतास तरी थांबले असते!"

थांब्यावरची माणसं दुसरीकडे बघू लागली... कान मात्र इकडेच. तो हळूच म्हणाला, "कालपर्यंत अहो-जाहो करत होतात मला."

"हो. मग?"

"मग हे 'तू'... हे चुकून निघालं का?"

वळणावर गाडी दिसली. नव्या ड्रायव्हरने घंटी वाजवली, वेग काही कमी केला नाही. दाराशी चिकटलेले चेहरे समोरून सरकत निघून गेले. तिने हनुवटी वर केली. ऑफिसात काय सांगायचं ते तिचं ठरलेलंच होतं. इथे काय सांगायचं, तेही आत्ता ठरलं.

"नाही," ती म्हणाली. "थांबले ते चुकून नाही... आणि हेही नाही."

त्याच्या हातातली छत्री पार तिरकी झाली. दोघंही भिजू लागले.

"आता बघत काय राहिलास?" ती म्हणाली. "चल. पायी जाऊ, उतारच आहे."

"चल," तो म्हणाला.