निळ्या टोपीवाला

तो मोबाइल आधी पालथा घाल बरं. उजेड सगळा तुझ्या नाकावर, आणि मला बाकीच्यांची तोंडंच दिसेनात. हां. लाइट यायला अजून वेळ आहे, तोवर एक सांगतो. गेमचीच गोष्ट आहे, खूश? पण मध्ये कोणी खुसखुसलं तर मी सरळ उठून झोपायला जाईन, मग बसा डास मारत.

आपले टेलर मास्तर माहीत आहेत ना? माहीत नसायला काय झालं, तुमच्यातल्या निम्म्यांच्या शाळेच्या चड्ड्या त्यांनीच उसवून मोठ्या केल्यात. तर गेल्या डिसेंबरात मास्तर एक पँट पोचवायला निघाले. पँट होती कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर रिपेअरवाल्याची. बसून बसून त्याचं पोट सुटलेलं, कंबर सैल करायला दिली होती. त्यानं पँट घालून पाहिली, पोट सोडून पाहिलं, खूश झाला. मास्तर मात्र तिथेच घुटमळले. मग दिसेल त्या कॉम्प्युटरवाल्याला ते जे विचारायचे, तेच त्यांनी यालाही विचारलं.

"एक जुना गेम शोधून देशील का?"

"नाव सांगा."

"नाव... शेवटी गेट होतं काहीतरी."

"गेटवाले ढीगभर आहेत, मास्तर. दिसायचं काय त्यात? गाडी, विमान, राक्षस?"

"ते नाही माहीत. माझी पाठ होती."

रिपेअरवाला हसणार होता. पण मास्तरांचा चेहरा बघून त्याचं हसू घशातच राहिलं.

आता ही पाठीची भानगड ऐका. मास्तरांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, मशीन खिडकीशी, उजेड कामावर पडावा म्हणून. म्हणजे तोंड रस्त्याकडे आणि पाठ घराकडे, उभा जन्म. त्यांना एक मुलगा होता, एकुलता एक. सगळे त्याला छोट्या म्हणायचे. हट्ट करकरून त्यानं बापाला एक जुना कॉम्प्युटर घ्यायला लावला आणि तो ठेवला मागच्या भिंतीला. शाळेतून आला की दप्तर एकीकडे, चपला एकीकडे, आणि हा कॉम्प्युटरवर. पुढे बापाचं मशीन, मागे पोराचा गेम, दोघांची पाठ एकमेकांना.

"बाबा, बघा ना. एकदा बघा."

"एवढी बाही लावतो, मग बघतो."

बाही झाली की कॉलर. कॉलर झाली की काज. तोवर दारात गिऱ्हाईक उभंच. मास्तर वाईट बाप नव्हते रे, पोरावरून जीव ओवाळून टाकायचे. पण हात रिकामा व्हायचा नाही आणि मान वळायची नाही.

कानांनी मात्र त्यांना तो गेम तोंडपाठ झाला होता. आधी एक सूर वाजायचा, मग पाणी ठिबकायचं, मग लाकडी चाक करकरायचं. आणि मध्येच कोणीतरी घोरायचं. हसू नका, चक्क घोरायचं. मास्तर मशीन न थांबवता विचारायचे, "कोण झोपलंय रे तिकडे?"

"तुम्ही!" पोरगं ओरडायचं. बापाला वाटायचं, थट्टा करतोय. मग दोघंही हसायचे.

एकदा त्यानं खडू मागितला. टेलरचा तो चपटा खडू असतो ना, कापडावर खुणा करायचा, पिवळा. त्यानं कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चार बटणांवर फुल्या मारल्या, बाप कापडावर मारतो तशाच बारीक. म्हणाला, "बाबा, ही तुमची बटणं. बाकीची दारं मी एकटा दोन्हीकडचं दाबून कशीतरी काढतो. शेवटचं गेट नाही निघत. त्याला दोन माणसंच लागतात."

"रविवारी बसू," मास्तर म्हणाले. रविवारी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा आला.

त्या पावसाळ्यात छोट्याला ताप भरला. ताप डोक्यात गेला. शेवटच्या रात्री मास्तर त्याच्या उशाशी, डोळ्याला डोळा नाही. आणि ते पोर ग्लानीत एकच घोकतंय, "बाबा, उठा ना. बाबा, उठा." मास्तर त्याचा हात धरून सांगताहेत, "अरे, जागाच आहे मी, राजा. जागाच आहे." त्याला ते काही पटलं नाही. पहाटे गेला.

डोळ्यांसमोर नको म्हणून मास्तरांनी तो कॉम्प्युटर तेव्हाच कोणालातरी देऊन टाकला, सीडीसकट. मग वर्षभरात स्वतःचेच केस उपटायची वेळ आली. पोर म्हणायचं एकदा बघा, आणि आता बघायला काही उरलंच नव्हतं. याला वीस वर्षं होऊन गेली. वीस वर्षं हा माणूस लोकांना सूर गुणगुणून दाखवत फिरला. लोकांना वाटायचं, मास्तर सरकले.

तर रिपेअरवाल्यानं तेव्हाच एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासचं भंगार घेतलं होतं. त्यात जुन्या सीड्यांची एक पिशवी होती. दुकानाचा दिवा बारीक करून त्यानं एकेक लावायला घेतली. मास्तर स्क्रीनकडे बघतात आणि नुसती मान हलवतात. डोळ्यांना काय कळणार? शेवटी त्यांनीच युक्ती काढली. स्टूल उचललं आणि स्क्रीनकडे पाठ करून बसले, तोंड रस्त्याकडे. पाय आपोआप हलायला लागले, खाली पायडल असल्यासारखे. हा नाही. हाही नाही. पिशवी तळाला आली. एक सीडी लागली, सूर वाजला, पाणी ठिबकलं... आणि मास्तरांचे पाय थांबले.

"हाच." पण ते वळले नाहीत. "नाव काय रे त्याचं?"

"मिलर्स गेट."

मास्तरांनी ते नाव पुन्हा पुन्हा पुटपुटून पाहिलं. मग म्हणाले, "घरी बघेन. इथे नको."

डिसेंबरचा दुसरा शनिवार. रिपेअरवाला भला माणूस, त्यानं एक जुना कॉम्प्युटर मास्तरांकडे नेऊन मांडून दिला, त्याच मागच्या भिंतीला. कीबोर्ड काळा, कोरा करकरीत, खोक्यातून काढलेला. हे ध्यानात ठेवा. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, बहिणीकडे गेल्या होत्या, घरात दुसरं कोणी नाही. साडेदहाला मास्तरांनी शटर ओढलं, दिवा मालवला आणि खुर्ची घेऊन बसले. खिडकीकडे पाठ करून, जन्मात पहिल्यांदा.

जवळ सरका हवं तर. मी काही म्हणणार नाही.

पडद्यावर पाणचक्की आली. तिच्या दाराशी दोघं जण. एक बुटका, लाल टोपीचा. एक उंच, निळ्या टोपीचा, मिशीवाला. मास्तरांना कीबोर्डातले बाण तेवढे कळत होते, त्यांनी ते दाबले. लाल टोपीवाला चालायला लागला. टुक टुक टुक. पावलं ओळखीची. निळ्या टोपीवाला मात्र जागचा हलेना. त्याला कोणी हातच लावला नव्हता. थोड्या वेळानं तो भिंतीला टेकून बसला, टोपी डोळ्यांवर ओढली... आणि घोरायला लागला.

कोण झोपलंय रे तिकडे?

तुम्ही.

तेव्हा कुठे मास्तरांना उमगलं. थट्टा नव्हती ती. रोज संध्याकाळी ते पोर या झोपलेल्या माणसाभोवती उड्या मारत होतं. बाबा, उठा ना. त्या शेवटच्या रात्रीसुद्धा ते इथेच होतं, या दाराशी. मास्तर रडले. साठीचा माणूस, रिकाम्या घरात, शेजारी ऐकतील म्हणून तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून रडला.

मग त्यांनी डावा हात पुढे केला. कुठली बटणं ते कोणाला ठाऊक, अंधारात दिसतही नव्हती. पण बोटं पडली ती बरोबर पडली. घोरणं थांबलं. निळ्या टोपीवाला उठून उभा राहिला.

उजवा हात मांडीवर होता. टॉवेल धरलेला.

टक.

बाणाचं बटण खाली गेलं. वर आलं.

मास्तर बघत राहिले.

टक. टक.

लाल टोपीवाला चालायला लागला.

घाबरले? घाबरले तर! मानेवरचा केस अन् केस उभा. उजव्या अंगाला गार लागत होतं. शेजारी कोणीतरी... स्टुलावर बसल्यासारखं. बघावं? मान वळवावी? नाही वळवली. पोरानं सांगितलं होतं ते पडद्याकडे बघायला. आयुष्यभर भलतीकडेच बघितलं होतं. आता नाही.

पहिलं दार. दुसरं. विहीर. बोगदा. मास्तर चुकायचे. लाल थांबायचा. दोन उड्या मारायचा. पुन्हा पुढे. डावीकडे टक. उजवीकडे टक.

मग ते गेट आलं.

निळ्यानं चाक फिरवायचं. दोन बटणं, एकाआड एक, थांबायचं नाही. थांबलं की गेट खाली. तेवढ्यात लालनं शिडी चढून पलीकडे जायचं. त्याला बाण वेगळे, उडीचं बटण वेगळं, म्हणजे त्यालाच दोन हात हवेत. एकट्या पोराला कसं जमावं ते? पण न थांबता एका तालात चालत राहायचं काम, ते मास्तरांनी आयुष्यभर केलेलं. खाली पायानं ताल धरला. वर बोटांनी. चाक करकरायला लागलं. गेट उचललं. लाल शिडीवर. एक पायरी. दोन. वर...

गेटच्या तोंडाशी तो थांबला. मागे वळला.

आणि मास्तरांच्या लक्षात आलं. चाक फिरवणारा अलीकडेच राहतो.

हात मंदावला. मास्तर मला जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगतो. म्हणाले, "मला वाटलं, पडू दे मेलं गेट. परत पहिल्यापासून खेळू. रोज रात्री खेळू. आता मला कुठे घाई आहे?"

गेट खाली यायला लागलं. लाल टोपीवाला एक पायरी उतरला. आणि उभा राहिला. उडी नाही, काही नाही. नुसता उभा. बाही होईपर्यंत उभा राहायचा, कॉलर होईपर्यंत, काज होईपर्यंत... तसा. कधी कंटाळला म्हणाला नाही ते पोर.

आणखी किती उभं करायचं त्याला?

मास्तरांच्या पायानं पुन्हा ताल धरला.

"जा, राजा."

शेजारी श्वास. एकच.

"जा. बघतोय मी. जागाच आहे."

टक.

लाल पलीकडे गेला. गेट पडलं.

आणि एक सूर वाजला. अख्खा गेम कानांनी पाठ असलेल्या माणसानं तो सूर कधीच ऐकला नव्हता. ऐकणार कसा? पोर तिथवर कधी पोचलंच नव्हतं. साधाच होता, मास्तर म्हणाले, झोपवताना गुणगुणतो तसा. तो संपला. पडद्यावर चाकाशी निळ्या टोपीवाला एकटा राहिला. उजवीकडचं बटण पुन्हा वाजलं नाही. मास्तर उजाडेपर्यंत वाट बघत होते. नाही वाजलं.

सकाळी मी चहाला म्हणून गेलो, तर शटर अर्धं उघडं आणि मास्तर खुर्चीतच. रडून रडून डोळे सुजलेले, पण चेहरा... काय सांगू, ओझं उतरवून ठेवलेल्या हमालासारखा. सगळं सांगितलं. मी म्हटलं, मास्तर, डोळा लागला असेल, स्वप्न असेल. त्यांनी नुसता डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांना पिवळं लागलं होतं.

"खडूचं असेल," मी म्हटलं.

"कुठल्या खडूचं?" ते म्हणाले. आणि खरंच की. पोर गेलं तेव्हापासून मास्तरांनी पिवळा खडू दुकानात ठेवला नाही. कापडावर पेन्सिल मारतात, तुम्हीही पाहिलंय.

मी वाकून कीबोर्ड बघितला. तो काळा, कोरा करकरीत कीबोर्ड. डाव्या बाजूच्या चार बटणांवर चार फुल्या होत्या. पिवळ्या. लहान हाताच्या. चारही मधोमध पुसट झालेल्या, रात्रभर कोणाचीतरी बोटं त्यांवर फिरल्यासारख्या.