त्या घरात दूध उतू जात नाही

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय.

यात अमावस्येची रात्र नाही की स्मशान नाही. आहे ती अकोल्यातली मे महिन्याची भर दुपार... रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही, तेव्हाची.

मोहल्ल्याचं नाव सांगत नाही. घर अजून तिथंच आहे.

माझी बहीण साधना अमरावतीला राहायची. त्याआधीच्या पोळ्याच्या तोंडावर तिचा नवरा नितेश अचानक गेला. पोरबाळ नाही, नोकरी नाही. राहतं घर तेवढं स्वतःचं.

साधना रडली नाही.

रोज सकाळी गॅसवर दूध ठेवायची आणि समोर उभी राहायची. दूध वर यायचं, उतू जायचं, शेगडी विझायची... ही नुसती बघत असायची.

"साधना, दूध!" सोबतीला गेलेली मी ओरडायचे.

"हो," म्हणायची. हात काही हलायचा नाही.

विम्याचे पैसे आले. कुणीतरी सुचवलं, एखादं लहानसं घर घे, भाड्यावर तुझं भागेल. अमरावतीत परवडेना, म्हणून तिने अकोल्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं. आता भाडं आलं तर चूल पेटणार होती.

त्या घरात दुर्गाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. ती गेल्यावर मुलाने घर विकलं. म्हातारी अंथरुणावर गेली होती, सगळं रीतसर झालं होतं. त्यात वावगं काही नव्हतं.

किल्ली घेतली त्या दिवशी शेजारच्या पार्बताबाईंनी विचारलं, "दूध उतू घातलं काय, बाई?"

नव्या घरात आधी दूध उतू घालायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण साधना म्हणाली, "मले थोडीच इथं राहायचं आहे? भाड्यानं द्यायचं आहे."

"मंग भाडेकरूले तरी घालू द्या," पार्बताबाई म्हणाल्या.

भाडेकरू मिळाले ते इमाद आणि नगमा. नवं लग्न झालेलं गोड जोडपं. इमादचं शिलाईचं दुकान होतं. त्यांच्यात काही ही पद्धत नव्हती, आणि त्यांना कुणी सांगितलंही नाही.

पंधरवडा बरा गेला. मग एका दुपारी नगमाचा फोन आला.

"आंटी, गॅस आपोआप बंद होऊन राहिला."

मिस्त्री आला. नळी बदलली, रेग्युलेटर बदललं. शेगडीत काहीच दोष नव्हता.

पुन्हा फोन.

"आंटी, भाजी होते, रोटी होते. फक्त दूध ठेवलं का बंद होते... उतू जायच्या जरासं आधी."

त्या पहिल्या पंधरवड्यात इमादला वाटायचं नगमाने बंद केला. तिला वाटायचं इमादने. दोघं एकमेकांवर खूश होती बिचारी! पण दुसऱ्या फोननंतर एका दुपारी इमाद दुकानात होता. नगमा दूध ठेवून न्हाणीत गेली. बाहेरच्या दाराला आतून कडी होती.

न्हाणीत तिला आवाज आला.

कट्...

बाहेर येऊन बघते, तर गॅसचं बटण फिरलेलं. आणि दुधाच्या पातेल्यावर... जाळी झाकलेली.

ती जाळी नगमाची नव्हती.

त्याच संध्याकाळी दोघांनी सामान हलवलं. पुढचे भाडेकरूही टिकले नाहीत. मोहल्ल्यात बोभाटा झाला आणि घराला कुलूप लागलं. साधनाकडे दुसरा आधार नव्हता. नाइलाजाने ती मे महिन्यात अकोल्याला गेली.

पार्बताबाई दारातच भेटल्या.

"दोन म्हशी होत्या दुर्गाबाईच्या. जिंदगीत थेंब उतू जाऊ नाई देल्ला तिनं. आन तुमी दूध उतू घातलंच नाई. घर दुसऱ्याचं झालं, हे तिले समजन तरी कसं?"

साधनाला भीती वाटली नाही. भीती वाटायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

तिने पार्बताबाईंकडूनच लिटरभर दूध घेतलं आणि भाडेकरूंसाठी ठेवलेली शेगडी पेटवली. खिडकीतून गरम झळा येत होत्या. बाहेर कुठल्याशा कूलरची घरघर चालू होती.

दूध तापलं. कडेने बुडबुडे आले. साय फुगली... वर आली... काठाला टेकली...

बाहेरची घरघर एकदम थांबली.

कट्.

तिच्या डोळ्यांसमोर बटण फिरलं. सावकाश. सवयीच्या हाताने फिरवावं तसं.

तिने पुन्हा पेटवलं.

कट्.

"उतू जाऊ द्या ना, बाई," साधना म्हणाली. "मले भाडेकरू ठेवायचे आहेत. मी खाऊ काय?"

दूध हळूहळू खाली बसलं.

आणि साधनाला रडू आलं. नितेश गेल्यापासून पहिल्यांदा. ओट्याखालच्या थंड फरशीवर बसून ती हमसून हमसून रडली आणि रडता रडता तिथंच झोपली.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पातेल्यावर जाळी झाकलेली होती.

आता ती तिथंच राहते. अमरावतीचं राहतं घर तिने भाड्याने दिलंय. भाडं वेळेवर येतं, तिचं छान भागतं. लोक तर म्हणतात, बाई हुशार निघाली.

मागच्या महिन्यात मी गेले होते. तिने दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन माझ्याशी गप्पा मारत बसली. माझं सगळं लक्ष आत.

"साधना, दूध उतू जाईल."

"नाई जात, ताई."

आतून आवाज आला.

कट्...

"तुले भीती नाई वाटत?" मी विचारलं.

"कायची?" ती म्हणाली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "तिकडं अमरावतीले तर कोनी बंदच करत नव्हतं."

तिथला चहा मी घेतला नाही. उन्हाचं निमित्त सांगून निघाले.

तेव्हापासून घरी दूध तापत असलं की मी ओट्यापासून हलत नाही. साय फुगायला लागली की माझा हात घाईने बटणाकडे जातो... दुसऱ्या कुणाचा पोचायच्या आत.